निरोपाचे दोन शब्द : आमच्या शेतीशाळेचा सेवकवर्ग

(संस्थेच्या निवासी शेतीशाळेचे मावळते मुख्याध्यापक यांनी निरोप समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जाणाऱ्या माणसाने आपल्या कारकीर्दीचा आढावा घ्यावा, अशी पद्धत आहे. मी ती आज मोडणार आहे. शाळेच्या निकालाचे आकडे वार्षिक अहवालात आलेले आहेत. नव्या वर्गखोल्यांचे फोटो या स्मरणिकेत पुढे आहेतच. देणगीदारांची यादीही आहे, आणि ती असायलाच हवी. परंतु आपले हे वसतिगृह, ही गोठ्यातली जनावरे आणि हा विहिरीकाठचा मळा ज्यांच्या हातांनी चालतो, त्यांचा फोटो कुठल्याच पानावर नाही. याबद्दल मी संपादक मंडळाला दोष देत नाही. मागच्या कित्येक अंकांचे संपादन मीच केले आणि मलाही ते कधी सुचले नाही. जाताना ही एक चूक तरी दुरुस्त करावी, एवढ्यासाठी मी उभा आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी येथे रुजू झालो, तेव्हा मी नगर शहरातल्या गल्लीत वाढलेला माणूस होतो. विज्ञानाची पदवी होती, बी.एड. होते, पण ज्वारीचे आणि बाजरीचे ताट वेगळे ओळखता येत नव्हते. शाळेला शेती कशाला, असे माझे स्पष्ट मत होते. आपल्या समाजातली मुले आधीच मागे पडलेली. त्यांच्या हातात पुस्तक द्यायचे सोडून खुरपे का द्यायचे? आलो त्याच हिवाळ्यात मी दहावीच्या सराव परीक्षेच्या तारखा लावल्या आणि नेमक्या त्याच आठवड्यात कांद्याची लागण होती. आपल्या मळ्यावरचे तात्या माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत यायला सांगितले तरी चपला काढून उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "सर, रोप जून झालं म्हंजी कांदा फुगत नाही. चार दिस पोरं द्या." मी म्हणालो, "तात्या, परीक्षा महत्त्वाची आहे." ते "बरं" म्हणून गेले.

लागण पंधरा दिवस पुढे गेली. एप्रिलमध्ये कांदा काढला तेव्हा निम्म्याहून जास्त माल गोल्टी निघाला. मी स्वतः ट्रॉलीबरोबर बाजार समितीत गेलो. लिलावात आमच्या ढिगापाशी व्यापारी थांबलेसुद्धा नाहीत, एकाने जाता जाता भाव पुकारला. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन हातात जी पट्टी आली, ती पाहून मला रात्री जेवण गेले नाही. कारण त्या पैशांतून जूनमध्ये वसतिगृहाचा किराणा भरायचा होता. तात्या मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी सराव परीक्षेच्या तारखा ठरवण्याआधी मी मळ्यावर जाऊन विचारून आलो, आणि तेव्हापासून आजपर्यंत तीच पद्धत आहे. आपल्या गणिताच्या सरांनी ती गोल्टीची पट्टी जपून ठेवली आहे. आठवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना ते अजून तीच काढतात. मुख्याध्यापकांच्या चुकीवर इतकी वर्षे गणिते सोडवली जात आहेत, हे मी आनंदाने सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, वसतिगृह आणि शेती यांची सांगड ही काही आपल्या संस्थेची कल्पना नव्हे. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली. त्यात १९०६ साली मुसलमान मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. त्याच कोल्हापूरला शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीला जेवत आणि एका बांधावर काम करीत. कमवा आणि शिका हा शब्दप्रयोग आज आपण सहज वापरतो, तो तिथला. आपल्या जिल्ह्यातही श्रीरामपूर, कोपरगाव आणि इतर कितीतरी गावी रयतेच्या शाळा-महाविद्यालयांनी त्या वडाच्या पारंब्या रोवलेल्या आहेत.

परंतु कर्मवीरांचे चरित्र वाचताना माझे लक्ष नेहमी लक्ष्मीबाईंकडे जाते. मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा विस्तार त्यांनी पाहिला नाही. वसतिगृह काढणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते. ते रोज सकाळी पुन्हा सुरू करावे लागते, आणि ते काम चुलीपासून सुरू होते. हे मला आपल्या खालांमुळे कळले.

खाला गेली अठरा वर्षे आपला भटारखाना सांभाळतात. आल्या तेव्हा पती नुकतेच वारले होते आणि पदरात दोन लहान मुली होत्या. तवा एक आणि मुले साठ, ही त्यांची सुरुवात. आपल्याकडे उत्तरेच्या पाटपाण्याच्या गावातली मुले येतात तशी पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावांतलीही येतात. एकाला भाकरी लागते, दुसऱ्याला चपाती, बागवानाच्या मुलाला भाजी ताजी नसेल तर लगेच कळते. खाला सगळ्यांचे ऐकून घेतात आणि शेवटी त्यांना जे करायचे तेच करतात. नवीन मूल आले की पहिले तीन दिवस त्या त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवतात. रात्री माझ्याकडे येऊन सांगतात, "सर, तो संगमनेरचा पोऱ्या जेवत नाही, त्याला घरी फोन लावून द्या." किती मुले त्या एका फोनमुळे शाळेत टिकली, त्याची नोंद आपल्या कुठल्याच रजिस्टरात नाही.

एक गोष्ट मात्र मला सविस्तर सांगितली पाहिजे. शेतीला वीज बरीच वर्षे पाळीपाळीने मिळत आलेली आहे, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की रात्रीच दारे धरावी लागतात. आपल्या भागात ऊस दाट, आणि उसात बिबट्या. म्हणून रात्रीच्या पाण्याला एकाही विद्यार्थ्याला न्यायचे नाही, असा नियम आहे. तो नियम मी केलेला नाही, तात्यांनी केला. मी फक्त त्यावर सही केली. बॅटरी आणि काठी घेऊन ते आणि त्यांचा मुलगा, दोघेच जातात.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी रमजान मार्च महिन्यात आला. मार्चमध्ये कांदा फुगवणीला असतो, पाणी चुकवून चालत नाही. पहाटे साडेतीनला खाला सहरीसाठी चूल पेटवीत, आणि त्याच सुमारास तात्या चिखलाने माखलेले पाय घेऊन मळ्यातून येत. पहिल्या दिवशी खालांनी त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या पंक्तीत त्यांचे ताट पडू लागले. मग आमच्या लक्षात आले की तात्या दिवसा जेवत नाहीत. मी विचारले तर म्हणाले, "सर, पोरं उपाशी काम करत्यात, त्यांच्यासमोर भाकर कशी सोडू? पहाटं जेवलो की चालतंय." वारकरी माणूस, गळ्यात माळ, दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारा. त्यांनी तो महिना असा काढला आणि कुणाला सांगितले नाही. ईदच्या दिवशी मुलांनी शिरखुर्म्याची पहिली वाटी कुणाला द्यायची, यावर चर्चा झाली नाही. माझा नंबर चौथा लागला.

आपले दीनियातचे मौलवीसाहेब आणि तात्या यांची मैत्रीही ऐकण्यासारखी आहे. मौलवीसाहेब एकदा बांधावरच मुलांना उश्र समजावून देत होते. पावसावर पीक आले तर दहावा हिस्सा काढायचा, मोट ओढून किंवा कष्टाने पाणी दिले तर विसावा, म्हणजे कष्टकऱ्याच्या श्रमाची शरियतीत कशी कदर आहे, असे ते सांगत होते. तात्या खुरपता खुरपता ऐकत होते. त्यांनी विचारले, "मौलवीसाहेब, आणि पाटाच्या पाण्याला हो?" प्रश्न रास्त होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले तेव्हापासून प्रवरेच्या दोन्ही काठांवर पाटाचे पाणी फिरते आहे. मोट ओढावी लागत नाही, पण पाणी फुकटही नाही आणि आवर्तन कधी सुटेल याची शाश्वती नाही. मौलवीसाहेबांनी दोन दिवसांची मुदत मागितली. किताबे पाहून त्यांनी सांगितले की पाणीपट्टी भरावी लागते, तेव्हा विसावा धरावा. मुलांनी घरी जाऊन आपापल्या वडिलांचा हिशेब मांडला. काही वडिलांचे मला फोनही आले, ते सगळेच आनंदाचे नव्हते.

शेतीशिक्षकांविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यांना स्वतःविषयी ऐकलेले आवडत नाही. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शिकून आलेले आहेत. हे विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्यामुळे मला समजले. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे ते सातवीच्या मुलाला शिकवतात. शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती तासून गोळा करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जायचे. मुले हे घरी जाऊन बापाला सांगतात. आपल्या गोठ्यातली फुले त्रिवेणी गाय राहुरीच्याच संशोधनातली आहे. गीर, होल्स्टीन आणि जर्सी या तिन्हींचे रक्त तिच्यात आहे. डेअरीवर दुधाची फॅट लागली नाही की मुले शेतीशिक्षकांना धरतात, आणि ते शांतपणे विचारतात, "काल वैरणीला फक्त घासच टाकला होता ना? कडबा कुठे गेला?" त्यांना शहरातल्या बियाणे कंपनीत याच्या दुप्पट पगार होता. तो सोडून ते येथे आले. घरच्यांना हे अजून पटलेले नाही.

रेक्टर सरांचे काम मात्र कुणालाच दिसत नाही, कारण ते सगळे झोपल्यावर सुरू होते. कुणाला ताप आहे, कुणाचे आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेले आहेत म्हणून दिवाळीला घरी जायला घरच नाही, हे त्यांना माहीत असते. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी कामगारांची मुले गावोगावच्या शाळांच्या पटावरून नाहीशी होतात. आपल्याकडे ती राहतात. दर सुट्टीत पाच-सहा मुलांना सर स्वतःच्या घरी नेतात. त्यांच्या सौभाग्यवती आज समोर बसल्या आहेत. बाजी, आपण कधी तक्रार केली नाहीत. आज सगळ्यांसमोर शुक्रिया म्हणतो.

पालकांपैकी काहीजण मला दरवर्षी एक प्रश्न विचारतात. "सर, आमच्या मुलाला आम्ही इंजिनियर व्हायला पाठवले, गवत काढायला नाही." मी या प्रश्नाला हसत नाही. हातगाडीवर उभे राहून, गॅरेजमध्ये हात काळे करून ज्यांनी दिवस काढले, त्यांना मुलाचे हात स्वच्छ राहावेत असे वाटणारच. माझ्या वडिलांनाही तसेच वाटत होते. परंतु १९३७ साली वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तेव्हा हाताच्या कामातून शिक्षण कसे द्यावे याचा आराखडा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर दिली, ते डॉ. झाकीर हुसेन होते. जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेला, जामिया मिल्लिया चालवणारा आणि पुढे भारताचा राष्ट्रपती झालेला हा माणूस. त्यांना हाताचे काम कमीपणाचे वाटले नाही. आणि आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचेच पाहा. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे आणलेल्या नेत्यांमध्ये पंडित नेहरू होते, मौलाना आझाद होते. मौलानांनी तेथे बसून पाठवता न येणारी पत्रे लिहिली, ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने आपण ओळखतो. नेहरूंनी ग्रंथ तर लिहिलाच, पण त्याआधी ते उन्हात कुदळ-फावडे घेऊन फुलांचे वाफे करीत बसले होते. आम्ही मुलांना किल्ला दाखवायला नेले तेव्हा मी हे सांगत होतो, आणि बरोबर आलेले तात्या वाकून माती चोळून पाहत होते. म्हणाले, "सगळा मुरूम आन् दगडगोटा हाय. लई घाम गाळला असल माणसानं."

आता जे सांगायचे ते मला जड जाते, पण आज नाही सांगितले तर पुन्हा संधी नाही. आपल्या शिक्षकांना पगार शासनाकडून मिळतो, तो थेट बँकेत जमा होतो. खाला, तात्या, गोठ्यावरचा गडी, रात्रीचा पहारेकरी हे मंजूर पदांच्या यादीत बसत नाहीत. त्यांचे मानधन संस्थेने आपल्या निधीतून द्यायचे असते. एका वर्षी कांद्याचे भाव पडले, जकात आणि चर्म-ए-कुर्बानीची रक्कमही कमी आली, आणि या माणसांचे चार महिन्यांचे पैसे थकले. मी कमिटीचा पदसिद्ध सभासद होतो. बैठकीत विषय निघाला, "पुढच्या बैठकीत पाहू" असे ठरले आणि मीही मान हलवली. त्याच महिन्यात माझा पगार वेळेवर जमा झाला होता. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण मी दर वर्षी सीरतच्या जलशात मुलांपुढे सांगत आलो होतो. खालांनी त्या चार महिन्यांत मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली सोन्याची बाळी गहाण टाकली, हे मला वर्षभराने कळले, तेही त्यांच्याकडून नाही. बाळी सुटली, पैसे दिले गेले, हिशेब पूर्ण झाला. पण मुलांना त्या चार महिन्यांत एकही दिवस जेवायला उशीर झाला नव्हता, आणि ते आठवले की मला आजही मान वर करवत नाही. अध्यक्ष साहेब, आपल्यापुढे माझी लेखी विनंती आहे. या चौघांचे वर्षाचे मानधन जूनमध्येच स्वतंत्र खात्यात काढून ठेवावे, आणि त्या खात्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावू नये. माझ्या निरोपासाठी जमवलेली थैली मी त्याच खात्यात भरत आहे. कृपया टाळ्या वाजवू नका.

दुसरी गोष्ट जमिनीची. रस्ता रुंद झाल्यापासून आपल्या शेताला भाव आला आहे. रस्त्याकडेला दुकानांचे गाळे बांधावेत आणि उरलेली जमीन खंडाने द्यावी, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. भाडे येईल आणि ते कांद्यासारखे पडणार नाही, हे खरे आहे. मी हिशेबाचा शत्रू नाही. रस्त्यालगतचे दीड एकर खडकाळच आहे, तेथे गाळे जरूर बांधा. परंतु विहीर आणि तिच्याखालचे काळे रान देऊ नका. ती विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदलेली आहे. तात्यांचे वडील त्या कामावर होते, सुकडी खाऊन पहार मारीत होते. ते रान खंडाने गेले तर मुलांच्या ताटातली भाजी विकत येईल, शेतीशिक्षक फळ्यावर शेती शिकवतील आणि खालांना नेमके किती माणसांचे करायचे ते बाजारभावावर ठरवावे लागेल. मग उरेल ते फक्त राहण्याचे ठिकाण, आणि तशी ठिकाणे नगरला पुष्कळ आहेत. हा निर्णय पालकांच्या मताशिवाय होऊ नये. सभा रविवारी आहे. ज्यांना मुलाच्या हातातले खुरपे आवडत नाही त्यांनीही यावे आणि तसे बोलून दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की सुट्टीहून परत येताना मिठाई आणता ती आधी कार्यालयात आणता. यापुढे आधी भटारखान्यात न्या.

नवे मुख्याध्यापक साहेब येथे उपस्थित आहेत. कार्यालयाच्या किल्ल्या, पटसंख्येची रजिस्टरे, डेडस्टॉक आणि कॅशबुक मी काल त्यांच्या स्वाधीन केले, पोच घेतली आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली मात्र त्या जुडग्यात नाही. ती तात्यांच्या कमरेला आहे, बावीस वर्षांत मी ती कधी मागितली नाही. कांद्याचे रोप तयार झाले आहे, सोमवारपासून लागण आहे. सराव परीक्षेची तारीख अजून लावलेली नाही, ती त्यांना विचारून लावावी.

खुदा हाफिज.